इथेनॉलचा नळ कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होऊन पाच आठवडे झाले असताना, ७ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारचा एक आदेश कारखान्यांच्या हाती पडला. २०२३-२४ या पुरवठा वर्षात उसाचा रस किंवा पाक इथेनॉलसाठी वापरू नये, असे त्यात स्पष्ट बजावले होते. बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचे जे सौदे तेल कंपन्यांशी आधीच ठरले होते, तेवढा पुरवठा करण्याची मुभा होती. आठ दिवसांनी, १५ डिसेंबरला, आदेश थोडा सैल झाला. देशभरात मिळून १७ लाख टन साखरेइतका रस व बी-हेवी मळी वापरण्यास परवानगी मिळाली. आदल्या हंगामात सुमारे ३८ लाख टन साखर अशा रीतीने इथेनॉलकडे गेली होती. म्हणजे कारखान्यांनी ज्या धंद्यासाठी कर्जे काढली, तो धंदा ऐन हंगामात निम्म्याहून खाली आला.

आदेशामागचे कारण उघड होते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाचे पीक घटणार, साखर कमी पडणार, भाव चढणार असे अंदाज येत होते. लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. किराणा दुकानातील साखरेचा भाव आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने साखर निवडली. कोणत्याही पक्षाचे सरकार असते तरी वेगळे घडले असते, असे म्हणवत नाही.

ऊर्जा सुरक्षा, हवामान बदल आणि स्वच्छ तंत्रज्ञान हे तीन शब्द परिषदांमध्ये एका दमात उच्चारले जातात. तिन्ही एकाच दिशेला जातात, एकमेकांना बळ देतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात गेल्या काही वर्षांत जे घडले ते पाहिले, तर या तिघांची गाठ इतकी सरळ नाही, हे ध्यानात येते. ज्या हवामान बदलाला उत्तर म्हणून इथेनॉल पुढे आणले गेले, त्याच हवामानाने त्याचा कच्चा माल हिरावून घेतला, आणि मधल्या मध्ये कारखान्याच्या खतावणीत कर्जाचे व्याज तेवढे वाढत राहिले.

मळीपासून रसापर्यंत

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्क्यांच्या उद्दिष्टाने सुरू झाला. पुढची दहा-बारा वर्षे तो रखडलाच. २०१३-१४ मध्ये तेल कंपन्यांना जेमतेम ३८ कोटी लिटर इथेनॉल मिळाले आणि मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास राहिले. याचे कारण साधे होते. त्या काळात इथेनॉल व्हायचे ते साखर काढून झाल्यावर अखेरीस उरणाऱ्या सी-हेवी मळीपासून, आणि त्या मळीवर मद्य व रसायन उद्योगाचाही डोळा असे.

खरा बदल २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने झाला. साखरेचा अंश शिल्लक असलेली बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रस यांपासून इथेनॉल करण्यास मुभा मिळाली, प्रत्येक प्रकाराला वेगळा दर ठरला. यातले गणित ऊसपट्ट्यात आता बहुतेकांना तोंडपाठ आहे. एक टन उसातून पूर्ण साखर काढली, तर उरलेल्या मळीतून दहा-अकरा लिटर इथेनॉल निघते. बी-हेवी टप्प्यावर थांबले, तर थोडी साखर सोडून वीसेक लिटर मिळते. साखर अजिबात न करता सगळा रसच वापरला, तर सुमारे ७० लिटर.

कारखान्यांना या धंद्याची ओढ लागली ती केवळ दरामुळे नव्हे, तर पैसा हातात लवकर येतो म्हणून. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला त्याचा दर द्यावा लागतो. साखर मात्र चार-पाच महिन्यांत तयार होते आणि वर्षभर, सरकार ठरवून देईल त्या मासिक कोट्याप्रमाणे विकली जाते. मधल्या काळात गोदामातील पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यायची, त्या उचलीतून उसाची बिले भागवायची आणि त्यावर व्याज भरत राहायचे, ही महाराष्ट्रातील सहकारी कारखानदारीची जुनी रीत. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे साधारण तीन आठवड्यांत देतात. ज्या कारखान्याच्या अध्यक्षाने थकलेल्या बिलांसाठी गेटवर बसलेले शेतकरी पाहिले आहेत, त्याला या तीन आठवड्यांचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

सरकारने व्याजात सवलत दिली. नव्या डिस्टिलरीच्या कर्जावर सहा टक्के किंवा व्याजाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल ते पाच वर्षे केंद्र भरणार, अशी योजना आली. बँक, कारखाना आणि तेल कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार होऊ लागले. साखर कारखान्यांना कर्ज द्यायला कचरणाऱ्या बँकांनाही इथेनॉलसाठी कर्ज देताना धीर आला, कारण खरेदीदार सरकारी तेल कंपनी होती. उमेद निर्माण व्हावी असेच सारे होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या, १९८० च्या दशकापासून याच तंत्रात मुरलेल्या कंपनीला घरच्या बाजारात भरभराटीचे दिवस आले.

आणि आकडे हललेही. २०२०-२१ मध्ये पुरवठा ३०० कोटी लिटरच्या पुढे गेला, मिश्रण आठ टक्क्यांवर पोचले. दहा टक्क्यांचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये, मुदतीच्या पाच महिने आधीच, गाठले गेले. वीस टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे ओढण्यात आली आणि २०२५ मध्ये तोही टप्पा देशाने गाठला. सरकारी योजनांच्या इतिहासात मुदतीआधी पुरी होणारी उद्दिष्टे विरळाच असतात, हे मान्य करायला हवे.

तेलाचा हिशेब

या घाईमागे तेलाची आयात होती. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तेलाचे भाव ज्या वेगाने उसळले, त्याने ही पराधीनता पुन्हा एकदा जाणवून दिली. २०१४ पासून इथेनॉलमुळे १ लाख ४० हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले आणि सात कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळला, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले.

मात्र या हिशेबाला काही तळटिपा आहेत. इथेनॉल मिसळले जाते ते पेट्रोलमध्ये. देश वर्षाला सुमारे चार कोटी टन पेट्रोल वापरतो, आणि डिझेल त्याच्या दुपटीहून जास्त. मालवाहू ट्रक, एसटीच्या गाड्या, शेतातले ट्रॅक्टर, ऊस वाहून आणणारी वाहनेसुद्धा बहुतांशी डिझेलवर चालतात आणि तिथे इथेनॉलचा उपयोग नाही. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्के मिश्रण वापरले, तर इंधन कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटते. दुचाकीत तीन-चार टक्क्यांनी. २०२५ च्या उन्हाळ्यापासून पंपांवर सरसकट हेच पेट्रोल मिळू लागल्यावर वाहनधारकांची जी ओरड झाली, तिचे मूळ इथे आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला, गाडी कमी धावते ही तक्रार संपली नाही. कमी ऊर्जेचे इंधन त्याच भावात विकले गेले, तर फरक ग्राहकाच्या खिशातून जातो, आणि ही गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगितली असती तर पुढचा बराच संशय टळला असता.

पाण्याचे काय?

महाराष्ट्रापुरता बोलायचे तर इथेनॉलचा प्रश्न अखेर पाण्यापाशी येऊन थांबतो. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी तो पितो, हे कृषिमूल्य आयोगाने पूर्वीच दाखवून दिले आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल तयार व्हायला किमान २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. तेलासाठी आखाताकडे पाहायचे नाही, तर मग उजनी, जायकवाडी, कोयनेकडे पाहायचे, एवढाच काय तो फरक!

धरणातील पाण्याचे मोजमाप ढगांच्या हाती आहे आणि ढगांचे वेळापत्रक बिघडले आहे. महाराष्ट्राच्या साखर उत्पादनाचा आलेख पाहिला, तर एखाद्या स्थिर उद्योगाऐवजी तापाच्या रुग्णाचा तक्ता पाहत असल्यासारखे वाटते. २०१८-१९ मध्ये सुमारे १०७ लाख टन. दुष्काळ आणि पाठोपाठ ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आलेला महापूर यांनंतर २०१९-२० मध्ये ६२ लाख टन. चांगल्या पावसाने २०२१-२२ मध्ये १३७ लाख टनांचा विक्रम. त्या वर्षी ऊस इतका झाला की मराठवाड्यात जूनपर्यंत धुराडी पेटती ठेवावी लागली. पुढल्याच वर्षी १०५ लाख टन. २०२४-२५ मध्ये ८१ लाख टनांच्या आसपास. ज्या धंद्याचा कच्चा माल एका वर्षात चाळीस टक्क्यांनी घटू शकतो, त्यावर देशाच्या इंधनाचा ठराविक हिस्सा सोपवायचा, तर मधल्या खड्ड्यांची सोय आधीच करायला हवी. ती झालेली नव्हती, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचीच किंमत चुकती झाली.

यापुढचा भाग अधिक बोलका आहे. ज्या टंचाईच्या भीतीने निर्बंध घातले, ती टंचाई त्या हंगामात आलीच नाही. नोव्हेंबर २०२३ मधल्या अवकाळी पावसाने उभ्या उसाला हात दिला, उतारा सुधारला आणि महाराष्ट्रात ११० लाख टन साखर झाली, आदल्या वर्षापेक्षाही जास्त. देशातही साखर कमी पडली नाही. इथेनॉलकडे गेलेला वाटा वगळून सुमारे ३२० लाख टन उत्पादन झाले. पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सरकारने २०२४-२५ साठी सगळे निर्बंध उठवले. आणि नेमक्या त्याच हंगामात, २०२३ च्या कोरड्या पावसाळ्याचा लागवडीवर झालेला परिणाम उशिरा उगवला. देशाचे उत्पादन सुमारे २६१ लाख टनांवर घसरले. ऊस होता तेव्हा इथेनॉल करायला बंदी, आणि परवानगी मिळाली तेव्हा ऊस नाही! अठरा महिन्यांत पक्व होणारा अडसाली ऊस, त्यानंतर खोडवा, असे ज्या पिकाचे चक्र आहे, त्याविषयीचा निर्णय एका ऑगस्टकडे पाहून घेतला की असे होते.

गोठलेले दर

निर्बंधांची चर्चा झाली, पण कारखान्यांना त्याहून मोठा फटका शांतपणे बसत होता. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ साठी लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैसे ठरला. पुढील दोन पुरवठा वर्षे हे दोन्ही दर जागचे हलले नाहीत. याच काळात उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, क्विंटलला ३०५ रुपयांवरून ३४० आणि २०२५-२६ साठी ३५५ रुपयांवर गेला. टनाला ७० लिटर धरले, तर रसाच्या इथेनॉलचे सुमारे ४,५९० रुपये येतात. २०२२-२३ मध्ये त्यातून ३,०५० रुपये उसाला दिल्यावर १,५४० रुपये उरत होते. ३,५५० रुपयांचा दर धरला, तर उरतात १,०४०. यात पगार, रसायने, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता आणि व्याज बसवायचे. हे मूळ १०.२५ टक्के उताऱ्याचे गणित झाले. पश्चिम महाराष्ट्रात उतारा जास्त, त्यामुळे देणेही जास्त.

साखरेचीही गत वेगळी नव्हती. किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे अनेक हंगाम तो तिथेच राहिला. उसाचा दर दरवर्षी वाढवायचा, कारण शेतकरी मतदार आहे. साखरेचा वाढू द्यायचा नाही, कारण गिऱ्हाईक मतदार आहे. इथेनॉलचा वाढवायचा नाही, कारण तेल कंपन्यांचा ताळेबंद बिघडतो. तिन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय वाटतात. तिघांच्या मध्ये कारखाना उभा आहे, आणि महाराष्ट्रात त्या कारखान्याचे भागभांडवल पुष्कळदा त्याच शेतकऱ्याचे असते.

मका आला

दरम्यान, उसाचा भरवसा नाही हे ओळखून केंद्राने धान्याकडे मोर्चा वळवला. मक्यापासूनच्या इथेनॉलला जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला, उसाच्या रसापेक्षा सहा रुपयांहून अधिक. भाव बोलतो तिकडे भांडवल वळते. बिहारपासून कर्नाटकापर्यंत धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. मका कोरडवाहूतही येतो, त्याला उसाइतके पाणी लागत नाही, हा युक्तिवाद पटण्याजोगाही आहे.

पण धान्यातून इंधन काढले की त्याचे पडसाद भलत्याच बाजारात उमटतात. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. २०२४ मध्ये त्याचे भाव चढले, कुक्कुटपालकांनी आयातीची मागणी केली, आणि एके काळी मका निर्यात करणाऱ्या भारताने म्यानमार व युक्रेनहून मका आणला. तेलाची आयात कमी करण्यासाठी मक्याची आयात, हा प्रकार ऊर्जा सुरक्षेच्या कोणत्या रकान्यात मांडायचा? त्यातून दुसरे टोक असे की, धान्याच्या डिस्टिलरीतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात आला आणि त्याने सोयापेंडीची जागा घ्यायला सुरुवात केली. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात दर त्याच्या बरेच खाली राहिले. त्याला जागतिक बाजारासह अनेक कारणे होती. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाने त्यांत या चोथ्याचाही समावेश केला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने इथेनॉलसाठी ऊस लावला नसेल, तरी इथेनॉलने त्याला गाठले.

२०२५-२६ च्या पुरवठा वर्षात ही दिशा पक्की झाली. त्या वर्षी पाऊस भरपूर होता. मराठवाड्यात तर सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने शेते खरवडून गेली. ऊस पुरेसा असेल असे दिसत होते, सरकारने रस व मळीवर कोणतेही बंधन ठेवले नाही. तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी काढली. पुरवठ्याची तयारी दाखवणारे देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. आणि वाटप झाले तेव्हा उसापासूनच्या इथेनॉलच्या वाट्याला जेमतेम २८ टक्के आले. एकट्या मक्याला ४५ टक्क्यांहून अधिक, उरलेला बराचसा हिस्सा अन्न महामंडळाच्या तांदळाला. २०२३ मध्ये ऊस होता, परवानगी नव्हती. २०२४ मध्ये परवानगी होती, ऊस नव्हता. २०२५ मध्ये दोन्ही होते, तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते. साखर कारखान्यांच्या संघटनांनी तक्रार केली ती समजण्यासारखी आहे. पण क्षमता एवढी फुगेपर्यंत प्रत्येक नव्या प्रकल्पाचे भूमिपूजन हौसेने करणाऱ्यांत कारखानदारही होते, हे विसरता येत नाही.

ब्राझीलचा धडा

इथेनॉलचा विषय निघाला की ब्राझीलचा दाखला हमखास दिला जातो. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७५ मध्ये प्रोआल्कोल हा कार्यक्रम हाती घेतला. १९८० च्या दशकात तिथे निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी सर्रास विकल्या जात. मग साखरेचे जागतिक भाव चढले, तेलाचे उतरले, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला तो पुढे दशकभर परतला नाही. परतला तो २००३ मध्ये, पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल मोटारी आल्यावर.

तिथला कारखानदार आजही साखर आणि इथेनॉल यांच्यात भाव पाहून पलट्या मारतो, ग्राहकही पंपावर उभा राहून दोन दर ताडून पाहतो. साखर कमी-जास्त झाली तर धक्का बाजार पचवतो. भारतात पुरवठ्याचे प्रमाण ठरलेले, दर ठरलेला, खरेदीदार मूठभर, गाडीत पर्याय नाही. ब्राझीलचे प्रमाण आपण उचलले, त्याला सांभाळणारी लवचिकता उचलली नाही. अर्थात ब्राझीलमधला ऊस मुख्यतः पावसावर वाढतो आणि तिथे माणशी जमीनही मुबलक आहे. तेव्हा सगळेच उचलता येणारही नव्हते.

सहवीजनिर्मितीचा जुना अनुभव

स्वच्छ ऊर्जेवर विसंबून कारखान्यांनी हात पोळून घेण्याची ही पहिली वेळ नाही. बगॅस जाळून वीज करायची आणि महावितरणला विकायची, या सहवीजनिर्मितीसाठी राज्यातील कारखान्यांनी शेकडो कोटींची कर्जे घेतली. जुन्या करारांत युनिटला सहा रुपयांच्या वर दर मिळत होता. पुढे सौर वीज स्वस्त होत निम्म्याच्याही खाली आली आणि महावितरणने बगॅसच्या विजेला पाच रुपयांच्या आतले दर देऊ केले. महावितरणच्या बाजूने यात वावगे काही नव्हते. ग्राहकाला महाग वीज का द्यायची? पण हप्ते जुन्या दरावर बेतलेले होते. अखेर २०२४ मध्ये राज्य सरकारला युनिटमागे दीड रुपयाचे अनुदान जाहीर करावे लागले. एक स्वच्छ तंत्रज्ञान दुसऱ्याला खाते, ही गोष्ट प्रकल्प अहवालात कोणी लिहीत नाही.

इथेनॉलच्या बाबतीत हा प्रतिस्पर्धी विजेवरची दुचाकी आहे. देशातील पेट्रोलचा मोठा वाटा दुचाकी पितात आणि विजेकडे वळण्यात त्याच पुढे आहेत. आकुर्डीत विजेवरची चेतक तयार होते, तिथून काही तासांच्या अंतरावर डिस्टिलऱ्यांचे नवे टॉवर उभे आहेत. दोन्हींना सरकारचे प्रोत्साहन, दोन्ही प्रदूषण कमी करण्याच्या नावाने. विजेवरच्या दुचाकी जितक्या वाढतील तितकी इथेनॉलची बाजारपेठ आटेल, आणि डिस्टिलरीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते.

विमानाच्या इंधनाची आशा दाखवली जाते, तिला आधार आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या विमानात प्राजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले शाश्वत इंधन काही प्रमाणात मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे मिश्रणाचे लक्ष्य भारताने ठेवले आहे, आणि उत्सर्जनाची आंतरराष्ट्रीय बंधनेही २०२७ पासूनच लागू व्हायची आहेत. विमानाला बॅटरीचा पर्याय नजीकच्या काळात नाही, त्यामुळे हे गिऱ्हाईक टिकाऊ आहे. पण युरोपची विमान कंपनी असे इंधन घेताना ते कशापासून केले, किती पाण्यावर, कोणत्या जमिनीवर, हे विचारणार. तिथे उजनीच्या कालव्यावरचा ऊस कितपत टिकेल, याचा अभ्यास आतापासून व्हायला हवा.

तोवर करण्याजोग्या दोन गोष्टी साध्या आहेत. पहिली, इथेनॉलचा दर एफआरपीशी सूत्राने जोडणे. एक वाढला की दुसरा आपोआप वाढावा, म्हणजे दरवर्षी दिल्लीला शिष्टमंडळे न्यावी लागणार नाहीत. दुसरी, निर्बंध घालायचेच असतील तर ते ऊस लागवडीच्या काळात जाहीर करणे आणि हंगाम सुरू झाल्यावर ते न बदलणे. तेल कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार आणि त्यात दुष्काळाच्या वर्षाची तरतूद, हे त्याच्या पुढचे पाऊल. यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

केंद्राने मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांसाठी वेगळी वाट काढली. उसावर चालणारी डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालेल अशी बदलून घेण्यासाठी व्याज सवलतीचे कर्ज. गाळपाचे महिने उसावर, उरलेले महिने मक्यावर, अशी कल्पना आहे. बंद काळात पडून राहणारी यंत्रे चालतील, हे खरे. पण त्यासाठी कारखान्याला पुन्हा कर्ज काढावे लागणार, आणि मका कोणत्या बाजारातून, काय भावाने मिळणार हे त्या वर्षीच्या पावसावर ठरणार. ऊस उत्पादकांनी ऊस गाळण्यासाठी उभारलेला कारखाना हंगाम संपल्यावर मक्याचे ट्रक उतरवून घेईल, त्या वेळी वार्षिक सभेत सभासदांचा पहिला प्रश्न मात्र जुनाच असेल: गेल्या हंगामातल्या उसाचा शेवटचा हप्ता कधी जमा होणार?